फोडणी आणि स्मोक अलार्म एका घरात कसे नांदवायचे (अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी)

अमेरिकेत नवीन आलेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न म्हणजे "फोडणी घातली की अलार्म बोंबलतो, काय करू?" आणि त्यावर कुणीतरी जुना-जाणता देतो ते ठरलेलं उत्तर म्हणजे "बॅटरी काढून ठेव रे सरळ" नाहीतर "हॉटेलातली शॉवर कॅप घाल त्याला". दोन्ही सल्ले भिकार आहेत. इकडच्या आगींचा हिशोब ठेवणारी एनएफपीए नावाची संस्था आहे, त्यांच्या आकड्यांप्रमाणे घरातल्या आगीत जी माणसं जातात त्यातली पाचातली जवळपास तीन अशा घरांतली असतात जिथे अलार्म नव्हताच किंवा होता पण चालू नव्हता, आणि चालू नसण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरी संपलेली किंवा कुणीतरी काढून ठेवलेली. आपल्याकडे सिमेंट-काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला हे जरा अति वाटतं, पण इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा, वर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), आत कार्पेट आणि फोमचे सोफे. ते पेटलं की थांबत नाही. पूर्वी आग लागल्यावर बाहेर पडायला साधारण १७ मिनिटं मिळायची, आताच्या सिंथेटिक फर्निचरमुळे ३ किंवा त्याहून कमी मिळतात असं अलार्मची टेस्टिंग करणारी यूएल ही संस्था सांगते.

तर फोडणीही बंद करायची नाही आणि अलार्मही काढायचा नाही. दोन्ही जमतं, फक्त कुठला अलार्म, कुठे लावलाय आणि धूर जातो कुठे या तीन गोष्टी नीट बघायच्या.

आधी छताला काय लावलंय ते बघा

खुर्चीवर चढा, अलार्म थोडा डावीकडे फिरवला की बहुतेक वेळा निघतो, आणि मागचं लेबल वाचा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे मॅन्युफॅक्चर डेट. ती १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर बाकी काही वाचत बसू नका, नवीन आणा, भाड्याचं घर असेल तर अपार्टमेंटच्या ऑफिसला ईमेल टाका (ईमेलच टाका, तोंडी नको, लेखी राहिलेलं बरं). पिवळट पडलेला, रंगाऱ्याने वरून ब्रश फिरवलेला अलार्म दिसला तर तोही गेला समजा, आत धूर जायच्या फटीच बुजलेल्या असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकार. आयोनायझेशन लिहिलं असेल आणि अमेरिशियम २४१ चा उल्लेख असेल तर तो आयोनायझेशन. घाबरू नका, किरणोत्सर्गी कण अगदी नखाएवढाही नसतो आणि अलार्म फोडला नाहीत तर तुम्हाला काही होत नाही. तो कण आतल्या हवेला विद्युतभारित ठेवतो आणि बारीक कण आत शिरले की त्या हवेतून वाहणारा छोटासा करंट कमी होतो, लगेच भोंगा. भडकन पेटणारी आग याला लवकर कळते पण फोडणीतल्या तापलेल्या तेलाचे बारीक कणही तितकेच लवकर कळतात. म्हणजे चाळीतल्या त्या काकूंसारखा, जिन्यात कुणाचाही पाय वाजला की दार उघडणारच. दुसरा प्रकार फोटोइलेक्ट्रिक, त्यात प्रकाशाचा एक झोत असतो, धूर आत आला की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. सोफ्यात सिगरेट पडून किंवा वायर जळून हळूहळू धुमसणारी आग याला आधी कळते, आणि स्वयंपाकाच्या बाबतीत हा बराच समजूतदार आहे.

किचनजवळ जर आयोनायझेशन असेल तर तुमच्या निम्म्या कटकटीचं मूळ तेच. ऑफिसला सांगा की फोटोइलेक्ट्रिक लावून द्या, यात काही विचित्र मागताय असं नाही.

स्वतःचं घर असेल आणि विकत घ्यायचा असेल तर

दुकानात गेलात की होम डेपो असो नाहीतर वॉलमार्ट, दोनच नावं मुख्यतः दिसतील, फर्स्ट अलर्ट आणि किडे (नाव वाचून हसू नका). फर्स्ट अलर्टची पाळंमुळं शिकागोजवळच्या ऑरोराची, हो तेच, जिथे आपण बालाजीच्या देवळात जातो. मूळ कंपनी बीआरके इलेक्ट्रॉनिक्स, त्यामुळे काही अलार्मवर अजून बीआरके छापलेलं दिसतं, माल तोच. २०२२ मध्ये रेझिडिओ कंपनीने त्यांना घेतलं. गूगलचा नेस्ट प्रोटेक्ट नावाचा अलार्म बऱ्याच आयटीवाल्यांच्या घरी आहे, पण तो गूगलने २०२५ मध्ये बंद केला आणि त्याच्या जागी गूगल होममध्ये चालणारा अलार्म फर्स्ट अलर्टनेच आणलाय. असलेला नेस्ट त्याच्या तारखेपर्यंत वापरा, घाईने काढायची गरज नाही.

आता खरी कामाची गोष्ट. यूएल २१७ नावाचं स्मोक अलार्मचं जे स्टँडर्ड आहे त्याच्या ८ व्या आवृत्तीत स्वयंपाकाच्या धुराची चाचणी घातली आहे, म्हणजे ओव्हनमध्ये हॅम्बर्गर भाजतात आणि त्या धुराला अलार्मने एका मर्यादेपर्यंत ओरडायचं नाही अशी अट आहे. ३० जून २०२४ नंतर बनलेल्या अलार्मना हे लागू आहे. म्हणून सेलमध्ये पडलेला जुना स्टॉक घेऊ नका, मागची तारीख बघूनच उचला. फर्स्ट अलर्टवाले या नव्या मॉडेल्सना प्रिसिजन डिटेक्शन म्हणतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. हॅम्बर्गर म्हणजे काही मिरचीची फोडणी नव्हे हे मान्य, पण तरी जुन्यांपेक्षा पुष्कळ बरं.

बॅटरीवाला घेत असाल तर १० वर्षांची सीलबंद बॅटरी असलेला घ्या. थोडा महाग पडतो, पण बॅटरी संपत आली की होणारी पहाटेची ती चिवचिव दहा वर्षं विसरा. इलिनॉयमध्ये (शिकागो ज्या राज्यात आहे तिथे) तर जानेवारी २०२३ पासून जुना बॅटरीवाला बदलताना असाच लावायचा असा कायदा आहे. पण घरात वायरिंगवाले अलार्म असतील, म्हणजे काढल्यावर मागून तीन वायरींचा प्लग निघतो ते, तर त्या जागी तसलाच लावायचा, नुसता बॅटरीवाला चिकटवून मोकळं व्हायचं नाही. हे सगळे एकमेकांना जोडलेले असतात, बेसमेंटमधला वाजला की वरच्या बेडरूममधलाही वाजतो, आणि त्यासाठी सगळे एकाच कंपनीचे असावे लागतात. फर्स्ट अलर्ट आणि बीआरके एकमेकांत चालतात, किडेचा प्लग वेगळा. बदलताना आधी पॅनलमधला ब्रेकर पाडा, १२० व्होल्टचं काम आहे, आणि वायरी कापायची वेळ येत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जागा

नियम साधा आहे: प्रत्येक बेडरूमच्या आत एक, बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये एक, आणि प्रत्येक मजल्यावर एक, बेसमेंट धरून. छताला लावला तर उत्तम, भिंतीला लावला तर छतापासून १२ इंचांच्या आत. स्टोव्हपासून निदान १० फूट लांब. १० ते २० फुटांच्या पट्ट्यात असेल तर फोटोइलेक्ट्रिक हवा किंवा हश बटण (दाबलं की थोडा वेळ गप्प बसवणारं) असलेला हवा. बाथरूमच्या दाराला लागून नको, गरम पाण्याची वाफ गेली की वाजतो, आणि एसीच्या व्हेंटसमोर पण नको, तिथे खरा धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बरेच लोक विचारतात किचनमध्येच एक लावू का, नाही, किचनच्या आत लावायचा नाही.

फोडणीचं तंत्र

आता मुद्द्याचं. इथल्या अपार्टमेंटमध्ये स्टोव्हच्या वर मायक्रोवेव्ह असतो आणि त्याच्या खाली पंखा असतो, आपल्याला वाटतं हा एक्झॉस्ट. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये तो हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून फिरवून परत खोलीतच सोडतो. खात्री करायची असेल तर पंखा फुल करा आणि मायक्रोवेव्हच्या वरच्या पुढच्या जाळीपाशी हात धरा. हाताला वारा लागला तर समजा तो बाहेर जात नाहीये. अशा पंख्याच्या भरवशावर लाल मिरच्या परतल्या की खाट घरभर, सगळे खोकतायत आणि वर भोंगा. मग काय करायचं, तर फोडणीच्या आधी (नंतर नाही, आधी) जवळची खिडकी उघडायची, दुसऱ्या खिडकीत किंवा बाल्कनीच्या दारात टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवायचा, बेडरूमची दारं लावायची. पंख्याखालची धातूची जाळी महिन्याकाठी काढून गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून भिजवायची, तेलाने बुजलेल्या जाळीतून काहीच ओढलं जात नाही, एकदा धुऊन बघा पाण्याचा रंग.

दुसरं म्हणजे शेगडी. गॅसवर हात बसलेला असतो, बटण बंद केलं की आच गेली. इथली कॉइल किंवा काचेची शेगडी बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेली राहते, त्यामुळे मोहरी तडतडली की नुसतं बटण बंद करून चालत नाही, कढलं उचलून बाजूच्या थंड बर्नरवर ठेवायला लागतं, मग हिंग-हळद. आणि तेल हायवर तापवू नका, मीडियमवर तापवा, दोन मिनिटं जास्त जातील. तेलातून धुराची रेघ निघायला लागली म्हणजे उशीर झाला. धूर लवकर धरणारं तेल असेल तर फोडणीला शेंगदाण्याचं किंवा साधं रिफाइंड वापरा.

पापड आणि फुलके कॉइलवर जाळी ठेवून भाजता येतात, त्याला फार धूर होत नाही, पण खाली सांडलेलं दूध-पीठ जळतं त्याचा होतो, म्हणून कॉइलखालचा ट्रे पुसून ठेवा. भरताचं वांगं मात्र घरात भाजायच्या फंदात पडू नका, बाल्कनीत ग्रिल लावायला बहुतेक अपार्टमेंटमध्ये बंदी असते पण कॉम्प्लेक्सच्या बार्बेक्यू एरियात जाऊन भाजा की, तिथे वांगं भाजणारे आपणच पहिले नाही. नाहीतर ओव्हनमध्ये, आणि ओव्हनच्या तळाला काही सांडलेलं नाही ना बघून. ओव्हनच्या सेल्फ-क्लीन बटणानेही भरपूर अलार्म वाजतात ते जाता जाता सांगून ठेवतो.

इतकं करून वाजलाच तर टॉवेल फडकवायच्या आधी अलार्मवरचं मधलं बटण दाबा. त्याला हश किंवा सायलेन्स म्हणतात, बऱ्याच मॉडेल्समध्ये टेस्टचं बटण तेच असतं. दाबलं की साधारण ८-१० मिनिटं तो गप्प बसतो आणि मग आपोआप परत कामाला लागतो. बटणापर्यंत हात पोचत नसेल तर झाडूचा दांडा. शॉवर कॅप, पिशवी, सेलोटेप यातलं काही नको, कारण ते काढायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी लीजमध्ये अलार्मशी छेडछाड केल्याबद्दल दंड लिहिलेला असतो.

पहाटे तीनची चिवचिव

मिनिटाला एकदा टुक् असा आवाज म्हणजे आग नाही, बॅटरी संपत आलीये. पहाटेच का सुरू होतं, तर घर थंड पडतं, थंडीत बॅटरीचा व्होल्टेज अजून खाली जातो आणि मर्यादेच्या खाली गेला की चिवचिव. सकाळी हीटर वाढवला की बंद, म्हणून लोक विसरतात आणि रात्री परत तेच. कुठला वाजतोय ते शोधणं हीच खरी परीक्षा. एकेकाच्या खाली उभे राहून थांबायचं. सगळे तपासूनही सापडत नसेल तर सोफ्यामागे सॉकेटला लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघा, आणि आधीच्या भाडेकरूने कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिलेला जुना अलार्म बघा, हे फार वेळा निघतं.

बॅटरी बदलल्यावरही वाजत राहिला तर बॅटरी काढून बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज जातो, मग नवी घाला. तरीही वाजला तर तारीख बघा, त्याचं आयुष्य संपलंय. धुळीनेही उगाच वाजतात, व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने बाजूच्या फटी अधूनमधून ओढून घ्या. महिन्यातून एकदा टेस्ट बटण. उदबत्ती खाली धरून टेस्ट करणारे असतात, तसं करू नका.

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ

आपल्याकडून आलेल्यांना हा प्रकार माहीतच नसतो कारण आपल्या घरांना एवढ्या फटी आणि खिडक्या असतात की तो सहसा साठत नाही. इथे थंडीत घर बंद, खाली गॅसचा फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), गॅसचा वॉटर हीटर, घराला चिकटून गॅरेज. बर्फात गाडी गरम करायला गॅरेजमध्येच चालू करून ठेवणारे आहेत, दार उघडं ठेवलं तरी हे करायचं नाही, गाडी बाहेर काढूनच चालू ठेवा. या वायूला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं फ्लू झाला. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मते अमेरिकेत दरवर्षी ४०० हून जास्त माणसं यात जातात, आणि त्यात आगीतली धरलेली नाहीत.

स्मोक अलार्मला सीओ कळत नाही, त्याचा अलार्म वेगळा किंवा दोन्ही एकत्र असलेला घ्यायचा. इलिनॉयमध्ये प्रत्येक बेडरूमपासून १५ फुटांच्या आत तो असावा लागतो. आवाजातला फरक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या: तीन बीप, थांबा, तीन बीप म्हणजे धूर. चार बीप, थांबा, चार बीप म्हणजे सीओ. चार ऐकू आले की खिडक्या उघडत बसायचं नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर आणि ९११ (इथला आणीबाणीचा नंबर). हा अलार्म प्रमाण किती आणि किती वेळ आहे यावर वाजतो, ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक तास ते चार तासांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत, त्यामुळे "कुणाला काही होत नाहीये, खोटा वाजला असेल" असं म्हणून रीसेट करू नका.

अग्निशामक, कढई आणि झाकण

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, कढई उचलून सिंककडे पळणं तर अजिबात नाही. आच बंद, बाजूने झाकण सरकवत टाका आणि थंड होईपर्यंत उघडू नका. म्हणून तळताना मापाचं झाकण हाताशी हवं, जेवणाचं ताट चालेल, काचेचं नको. अग्निशामक सिलिंडर एबीसी प्रकारचा (लाकूड-कागद, तेल आणि वीज अशा तिन्ही आगींना चालणारा) घ्या, त्यावर १-ए:१०-बी:सी असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि तो स्टोव्हच्या शेजारी नाही, किचनच्या दारापाशी ठेवा, नाहीतर आगीवरून हात घालून घ्यावा लागेल. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, आडवं फिरवा. तेलाच्या आगीवर अगदी जवळून मारला तर तेल उडतं, सहाएक फुटांवर उभे राहा. लहान सिलिंडर ८-१० सेकंदांत रिकामा होतो, तेवढ्यात विझली नाही तर बाहेर. घरात जुना किडेचा प्लॅस्टिक हँडलवाला असेल तर त्यांचा २०१७ चा रिकॉल बघून घ्या, अमेरिकेत पावणेचार कोटींच्या आसपास सिलिंडर परत मागवले होते, मॉडेल नंबर टाकला की कळतं आणि बदलून मिळतो.

सत्यनारायण, होम आणि आई-बाबा

पूजेचा धूप-कापूर घरातल्या अलार्मपुरता असेल तर खिडकी आणि हश बटण पुरतं. पण मोठ्या बिल्डिंगमध्ये काही डिटेक्टर थेट बिल्डिंगच्या फायर अलार्म पॅनलला जोडलेले असतात, ते वाजले की अख्खी बिल्डिंग खाली आणि दारात बंब, आणि वारंवार झालं तर काही गावांत पैसेही लावतात. म्हणून होम करायचा असेल तर आधी मॅनेजमेंटला विचारा, नाहीतर मंदिराचा हॉल घ्या. छतातल्या स्प्रिंकलरची मात्र लोकांना फुकट भीती असते. तो धुराने उघडत नाही, उष्णतेने उघडतो, घरातले साधारण १५५ फॅरनहाइटच्या आसपास म्हणजे ६८ सेल्सिअसला, आणि ज्याला धग लागली तेवढाच, सिनेमात दाखवतात तसे सगळे एकदम नाही. त्याला कपड्याचं हँगर अडकवू नका म्हणजे झालं.

सहा महिन्यांसाठी आई-बाबा येणार असतील तर आल्या आल्या टेस्ट बटण दाबून दोन्ही आवाज ऐकवा, हश बटण दाखवा, ९११ ला फोन करून नुसतं "फायर" आणि पत्ता सांगितला तरी चालतं हे सांगा आणि पत्ता मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा. वयामुळे कमी ऐकू येणाऱ्यांना साध्या अलार्मचा बारीक, ३००० हर्ट्झच्या वरचा आवाज श्रवणयंत्र काढून झोपल्यावर ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी ५२० हर्ट्झचा, जाड आवाजाचा अलार्म मिळतो आणि गादीखाली ठेवायचा हलणारा प्रकारही मिळतो, मागवा. रात्री बेडरूमचं दार लावून झोपायला सांगा, बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवतं. वरच्या मजल्यावर झोपत असतील तर खिडकीला अडकवायची शिडी, दुमजली घराला साधारण १३-१४ फुटांची मिळते, पण सत्तरीतल्या माणसाकडून ती वापरून होईल असं धरून चालू नका, त्यांना खालची खोली द्या.

नवीन अलार्म लावल्यावर कडेला मार्करने तारीख लिहून ठेवा, पुढच्या वेळी खुर्चीवर चढायला नको. जुन्या आयोनायझेशन अलार्मसाठी गावाचे नियम बघा, वेगळा नियम नसेल तर तो कचऱ्यात चालतो, बॅटरी आधी काढून. नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं जवळजवळ असतात, ड्रॉवरमध्ये किल्ल्या-नाण्यांबरोबर पडली तर तीच पेटू शकते, टोकांना टेप लावूनच टाका. अलार्म परवडत नसेल तर रेड क्रॉसची माणसं बऱ्याच गावांत फुकट येऊन लावून देतात, आणि गावाच्या फायर डिपार्टमेंटलाही विचारून बघा, ९११ वर नाही, त्यांच्या ऑफिसच्या नंबरवर.